चौथा थेंब

लग्नाच्या पत्रिकेवर खरं नाव छापलं तेव्हा त्याच्या निम्म्या मित्रांना वाटलं, लग्न दुसऱ्याच कुणाचं तरी आहे. त्याला सगळे ओळंबा म्हणत. अंगाने बारीक, पाठीने सरळ, आणि सुट्टीचा बराचसा वेळ दोराच्या टोकाला लटकलेला. हे नाव त्याच्या जुन्या मित्राने, दातांच्या डॉक्टरने ठेवलं होतं, दोघेही विशीत असताना. डॉक्टरला आता टक्कल पडलं, ओळंब्याला एकोणसाठावं लागलं. नाव तेवढं तरुण राहिलं.

पोटासाठी तो लिफ्ट दुरुस्त करायचा. शहरातल्या चौतीस इमारती त्याच्याकडे होत्या. महिन्यातून एकदा प्रत्येक इमारतीच्या गच्चीवरच्या खोलीत जायचं, मोटरचं तेल बघायचं, ब्रेक बघायचा, आणि मग लिफ्ट सावकाश खाली सोडत पोलादी तारांवरून एक चिंधी फिरवायची. तारेचा एक बारीक धागा जरी तुटला असेल तरी चिंधी अडकते. डोळ्याला दिसत नाही ते चिंधीला कळतं. मग इमारतीच्या कार्डावर काय पाहिलं ते लिहायचं आणि खाली सही करायची. कंपनीतले नवे लोक खाली चहा पीत पीत पाच इमारतींच्या कार्डांवर एका दमात सह्या करत. ओळंबा करत नसे. जे पाहिलं नाही त्यावर सही नाही. देवधर्माचं त्याला फारसं काही नव्हतं. जे होतं ते एवढंच.

शहरापासून बसने पाऊण तासावर एक कडा होता. वीस मजल्यांएवढा उंच, करडा, मधोमध एक उभी घळ. त्यावर चढायच्या एकेचाळीस वाटा होत्या आणि त्या वाटांवर कातळात भोक पाडून, दोर अडकवण्यासाठी ठोकलेले दोनशे चौदा बोल्ट. निम्म्याहून अधिक ओळंब्याच्या हातचे. बायको त्या कड्याला सवत म्हणायची. रागाने नाही. सवतीचंही आता वय झालं, सोडा तिला, असं चारचौघांत म्हणायची आणि डबा मात्र डॉक्टरच्या वाटणीचाही भरून द्यायची.

कडे चढणाऱ्यांना एक सवय असते. नायलॉनचा दोर किंवा पट्टा कापला की टोकाचे धागे विसकटतात. म्हणून कापल्याबरोबर टोकाला लायटर लावायचा, ते वितळलं की ओल्या बोटांनी चेपायचं. टोक बंद होतं. त्यामुळे आयुष्यात कधी विडी न ओढलेल्यांच्या खिशातही लायटर सापडतो. ओळंब्याच्या सासूबाईंना तो लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात जावयाच्या कोटात सापडला. जावई चोरून ओढतो, हे त्यांनी मरेपर्यंत सोडलं नाही. त्यानेही कधी खुलासा केला नाही. लायटर कशाला, हे सांगायचं तर कडा सांगावा लागला असता, आणि कड्यापेक्षा विडी परवडली, असं बायकोचं मत होतं.

टोक वितळवताना एखादा थेंब खाली पडतो. पेटता असतो, निळसर ज्योत असते त्याला. त्यावर बूट ठेवायचा. हेही सवयीचंच.

गेल्या उन्हाळ्यातल्या एका गुरुवारी, सुट्टी म्हणून, ओळंबा एकटाच कड्यावर गेला होता. माथ्यावरच्या झाडाला बांधलेले जुने पट्टे त्याने बदलले. खाली उतरून पायथ्याच्या झऱ्याजवळच्या सपाट दगडावर बसला. पट्ट्याच्या गुंडाळीत थोडा पट्टा उरला होता, त्याचे पुढच्या आठवड्यासाठी दोन तुकडे केले. दोन तुकडे म्हणजे चार टोकं. पहिलं टोक, थेंब, बूट. दुसरं टोक, थेंब, बूट. तिसरंही तसंच. चौथं टोक चेपत असताना फोन वाजला. एका इमारतीत तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट अडकली होती. आत एक बाई होती, तिला दमा होता. त्याने पट्टे पिशवीत कोंबले आणि निघाला. साडेचार वाजले होते.

पावणेसहाला बाई बाहेर आली. ती रडत होती, त्याचे हात हातात घेऊन आभार मानत होती. त्यानंतर तो मोटर पुन्हा एकदा बघायला गच्चीवर गेला. तिथून त्याला धूर दिसला.

वणवा तीन दिवस चालला. माणूस कुणी दगावलं नाही. डोंगर मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत काळा झाला. पायथ्याला मधमाशीवाल्याच्या बावीस पेट्या होत्या, त्या गेल्या. मधमाशीवाला म्हणजे सत्तरीच्या आसपासचा एक विधुर. लोक त्याला मधवाले म्हणत. वनखात्याच्या चौकशीत निघालं की आग कड्याच्या पायथ्याशी, पाण्याच्या झऱ्यापासून पन्नास पावलांच्या आत सुरू झाली. आणि त्या दिवशी सकाळी मधवाल्यांनी पेट्या उघडण्यासाठी धुराडं पेटवलं होतं. धुराडं म्हणजे भात्याचा डबा. आत गवत, शेण, गोणपाट जाळून त्याच्या धुराने माश्या शांत करतात. मधवाले म्हणाले, मी ते विझवलं होतं. चौकशी करणाऱ्यांनी लिहून घेतलं. पुरावा नव्हता, खटला झाला नाही. पण गावाला खटला लागत नाही. ज्याचा धूर त्याची आग.

त्या गुरुवारी पायथ्याशी आणखी कुणी होतं का, हे कुणी विचारलं नाही. ओळंब्यानेही सांगितलं नाही. पहिले काही दिवस त्याला वाटलं, चौथ्यावरही बूट पडलाच असणार. तीस वर्षांची सवय. मन फोनमध्ये असलं तरी पाय आपलं काम करतो. पुढचे काही दिवस वाटलं, धुराड्यात निखारे असतात, थेंब तो केवढा. मग मधवाल्यांचं नाव सगळ्यांच्या तोंडी झालं आणि सांगायची वेळ निघून गेल्यासारखी वाटली. दोघांच्या मध्ये एक संशय होता. तो आपसूक दुसऱ्याच्या अंगणात जाऊन बसला. ओळंब्याने त्याला हाकललं नाही, बोलावलंही नव्हतं. तो फक्त मोजत राहिला. चार टोकं. तीन थेंब.

दहा महिन्यांनी वनखात्याचं पत्र आलं. वणव्यानंतर बंद केलेला कडा पुन्हा खुला करायला हरकत नाही, अटी पाच. डॉक्टरने दवाखाना बंद झाल्यावर कड्याच्या गटातल्या सगळ्यांना बोलावलं आणि रुग्णाच्या खुर्चीत स्वतः आडवं होऊन पत्र वाचून दाखवलं. सगळे बोल्ट तपासायचे. सुटलेले दगड पाडायचे. वाटेवर फाटक आणि नोंदवही ठेवायची. नियमांची पाटी लावायची. पाचवी अट अशी की या डोंगरावर मधपेट्या ठेवायची परवानगी कायमची बंद. पाचवी अट ऐकून कुणीतरी म्हणालं, बरं झालं, अर्ध्या कड्यावर असताना माशी चावली म्हणजे काय होतं ते मला विचारा. सगळे हसले. ओळंबा हसला नाही. पण तो तसाही फार हसायचा नाही, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

तपासणी त्याच्याकडे आली. दुसऱ्या कुणाचं नावही निघालं नाही. शेवटी प्रमाणपत्रावर एक सही लागणार होती आणि ती कुणाची, हे ठरवण्यासारखं नव्हतंच.

सात रविवार तो कड्यावर होता. डॉक्टर खाली दोर धरून उभा असायचा, कंबर दुखते म्हणून कुरकुरायचा, आणि वरून एखादा दगड सुटला की कंबर विसरून टुणकन बाजूला व्हायचा. आगीने कातळाचे पापुद्रे सुटले होते. काही जागी हातोडी मारली की टण आवाज यायचा, तिथे कातळ धड. काही जागी भद्द. तिथे पहार घालायची, खाली ओरडायचं, आणि परातीएवढा पापुद्रा सुटून खाली जाताना बघायचं. घळीच्या दोन्ही बाजूंना काजळी इतकी होती की रविवारी घरी आल्यावर बायको त्याला मोरीच्या पलीकडे येऊ द्यायची नाही. माथ्यावरच्या झाडाचं खोड उरलं होतं, गुडघ्याएवढं. त्याला बांधलेल्या पट्ट्यांचा मागमूस नव्हता.

प्रत्येक बोल्ट त्याने पान्याने तपासला, हिसडून बघितला, लिहिला. अठरा काढून टाकले. मोकळ्या जागेवर दुसरे ठोकले. या सात रविवारांत तो एकदाही त्या सपाट दगडाकडे गेला नाही. डॉक्टर डबा उघडून त्याच दगडावर बसायचा आणि हाक मारायचा. ओळंबा म्हणायचा, इथे सावली आहे. सावली कुठेच नव्हती. झाडंच नव्हती.

आठवा रविवार येण्याआधी मंगळवार आला. त्या दिवशी मधवाल्यांच्या इमारतीची पाळी होती. सहा मजली, अरुंद, जिन्यात सायकली. गेले अकरा महिने ओळंबा तिथे दुपारच्या वेळी जायचा, म्हातारी माणसं झोपलेली असताना. त्या मंगळवारी गच्चीवरचं काम आटोपून तो लिफ्टमध्ये शिरला आणि पाचव्या मजल्यावर दार उघडलं. मधवाले आत आले. हातात कचऱ्याची पिशवी, पायांत घरातल्या चपला.

ते म्हणाले, तुम्हीच ना ते, कडा तपासताय. ओळंबा हो म्हणाला. मग मधवाल्यांनी विचारलं, गवत आलंय का पायथ्याला. आलंय, ओळंब्याने सांगितलं, आणि जांभळी फुलंही आली आहेत, बारीक, खूप. मधवाल्यांनी मान हलवली. जळल्यानंतर पहिल्या वर्षी तशी येतात, माश्यांना फार आवडतात, असं काहीतरी म्हणाले. लिफ्ट दुसऱ्या मजल्यापर्यंत आली होती.

मग ते दाराकडे बघत म्हणाले, "मी विझवलं होतं हो ते. पाणी ओतलं होतं. सगळ्यांना तेच सांगितलं. पण आता इतके जण म्हणतात म्हटल्यावर मलाच वाटायला लागलंय, नसेल ओतलं. म्हातारपणी काय सांगता येतं?"

तळमजला आला. दार उघडलं. मधवाले पिशवी घेऊन निघून गेले. ओळंब्याने कार्डावर सही केली आणि जिन्यातल्या एका सायकलच्या सीटवर बराच वेळ बसून राहिला. वरच्या मजल्यावरची एक बाई खाली आली, तिने विचारलं, बिघडली का. तो म्हणाला, नाही, लिफ्ट ठीक आहे.

रविवारी तो डॉक्टर यायच्या आधीच्या बसने गेला. सपाट दगडाजवळ गुडघ्यांवर बसला. आग जिथे सुरू होते तिथे ती फारशी जाळत नाही, जोर पुढे धरते, हे त्याला चौकशीच्या वेळी वनखात्याच्या माणसांकडून कळलं होतं. दगड नुसता धुरकटला होता. त्याने हाताने माती झाडली, बाटलीतलं पाणी ओतलं, आणि तारांवर फिरवायची ती चिंधी खिशातून काढून दगडावरून फिरवली.

चिंधी अडकली. एकदा, मग वीतभर पुढे दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. तीन काळे, चपटे, टणक डाग. बुटाने दाबलेले. नखाने खरवडले तर आतून पट्ट्यासारखे निळे.

चौथ्यासाठी त्याने सगळा दगड पुसला. मग दगडाच्या कडेने, जिथे गवत असायचं तिथे, बोटांनी माती चाळली. डॉक्टर येईपर्यंत तो तेच करत होता. काय हरवलं, डॉक्टरने विचारलं. लायटर, तो म्हणाला. लायटर खिशातच होता.

चौथा थेंब सापडला नाही, यावरून काहीच सिद्ध होत नव्हतं. अकरा महिन्यांत वारा होता, पाऊस होता. सापडला नाही, एवढंच.

त्या दुपारी बायको जेवणाच्या टेबलाशी बसून शेंगा सोलत होती. ती शाळेच्या वाचनालयात नोकरी करायची, त्यामुळे तिच्यासमोर हळू आवाजात बोलायची सगळ्यांनाच सवय होती. तो हात धुऊन समोर बसला.

"त्या गुरुवारी मी कड्यावर होतो," तो म्हणाला.

"माहीत आहे. डबा मीच भरला होता."

त्याने समोरची एक शेंग उचलली.

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते," ती म्हणाली. "मग वाटलं, सांगण्यासारखं काही नसेल. तसंच वाटून घेतलं म्हणा."

त्याने सगळं सांगितलं. टोकं, थेंब, फोन, दमा असलेली बाई, लिफ्टमधले मधवाले, दगडावरचे डाग. ती शेंगा सोलत राहिली. सोलून झाल्या तरी रिकामी टरफलं हातात घेऊन बसली. मग तिने विचारलं, सांगितलं तर काय होईल. तो म्हणाला, कडा उघडायचं लांबेल. माझ्यापुरता बहुधा बंदच होईल. आणि नाही सांगितलं तर, तिने विचारलं. नाही सांगितलं तर सही करायची आणि पुढच्या रविवारी चढायला जायचं.

"आणि ते म्हातारे?"

"त्यांना वाटतंय तसं वाटत राहील."

तिने टरफलं गोळा केली. "मग मला काय विचारताय? चिंधी अडकली की तुम्ही लिफ्ट चालू ठेवता का?"

डॉक्टरला सांगणं अवघड गेलं. दोन रुग्णांच्या मधल्या वेळात, दार लोटून, उभ्या उभ्या सांगितलं. डॉक्टर हातमोजे काढता काढता थांबला. त्याचं पहिलं म्हणणं असं की यातून सिद्ध काही होत नाही. ओळंबा म्हणाला, नाही होत. दुसरं असं की पत्र आलंय, पाटी रंगवून झालीय, बाहेरगावचे लोक येणार आहेत, आणि सगळा कड्याचा गट एका वर्षापासून घरात बसून लठ्ठ झालाय. ओळंबा म्हणाला, हो. तिसरं डॉक्टरने मोठ्याने सांगितलं, बाहेर बसलेल्यांना ऐकू जाईल इतकं.

"तीस वर्षं लोकांना तोंड उघडा म्हणतोय मी. तुला पहिल्यांदा सांगतो, मीट."

डॉक्टर खुर्चीच्या दिव्याशी उगाच चाळा करत राहिला. मग म्हणाला, उगीच ठेवलं तुझं नाव, वेताची छडी ठेवायला हवं होतं, वाकली तरी असती. आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावलं. ओळंबा जिना उतरून गेल्यावर डॉक्टरने खिडकीतून त्याला बघितलं, असं त्या रुग्णाने नंतर सांगितलं. तोंड उघडं ठेवून मला पाच मिनिटं बसवलं, म्हणाला.

वनखात्याच्या अधिकारी बाई त्याच्या मुलीच्या वयाच्या होत्या. टेबलावर नकाशांच्या गुंडाळ्या, एका गुंडाळीवर अर्धवट खाल्लेलं सफरचंद. त्याने बसायच्या आधीच बोलायला सुरुवात केली. बाईंनी खूण करून बसवलं, कागद घेतला, पहिल्यापासून सांगायला लावलं. तो लिफ्टच्या कार्डावर लिहावं तसं बोलला. वार, वेळ, काय केलं.

"म्हणजे आग तुमच्यामुळे लागली, असं तुमचं म्हणणं आहे?"

"ते मला माहीत नाही. मी तिथे चार वेळा लायटर पेटवला. तीन थेंबांवर पाय दिला. चौथ्यावर दिल्याचं आठवत नाही. एवढं माहीत आहे."

बाईंनी तसंच लिहिलं. मग विचारलं, हे तेव्हाच का नाही सांगितलं. तेव्हा दगडाची नीट तपासणी झाली असती, आता त्यावरून एक पावसाळा गेलाय. त्याने उत्तर द्यायचा प्रयत्न केला. एक वाक्य सुरू केलं, सोडलं, दुसरं सुरू केलं. तेही सोडलं. बाईंनी तो रकाना मोकळा ठेवला.

नवव्या दिवशी निकालाचं पत्र आलं. आगीचं कारण अनिश्चित. मधपेट्यांवरची बंदी रद्द. कोरड्या दिवसांत राखीव क्षेत्रात विनापरवानगी ज्वाला पेटवल्याबद्दल अर्जदाराला डोंगरावर प्रवेश पाच वर्षं बंद. कडा खुला करायची तारीख तीन आठवडे पुढे. त्याला अर्जदार का म्हटलं होतं, ते त्याला कळलं नाही. त्याने कशासाठीच अर्ज केला नव्हता.

पत्राबरोबर बाईंची एक हाताने लिहिलेली चिठ्ठी होती. तपासणी तुम्ही केलीय, पण आता प्रमाणपत्रावर दुसऱ्या कुणाची सही चालेल का, म्हणजे लोक बोलणार नाहीत. त्याने मागच्या बाजूला उत्तर लिहिलं. दुसऱ्या कुणी बोल्ट पाहिलेले नाहीत.

सही त्याचीच राहिली. गटातले काही जण त्याच्याशी बोलेनासे झाले. एकाने सांगितलं की साधू व्हायचं होतं तर आधी व्हायचं, आमचे तीन आठवडे का खाल्ले. दमा असलेली बाई एका संध्याकाळी घरी आली आणि म्हणाली, मी त्या दिवशी जिन्याने गेले असते तर. बायकोने तिला चहा दिला आणि दम्याच्या माणसाने जिने चढायचे नसतात, असं तीनदा सांगितलं. डॉक्टर महिनाभर आला नाही. मग एक दिवस आला, ओळंब्याची एक दाढ हलत होती ती बघितली, ठेवायची की काढायची यावर पाऊण तास भांडला, आणि पुन्हा येऊ लागला.

कडा खुला झाला तो दिवस रविवारचा होता, सकाळी दहाचा मुहूर्त. फाटक नवं, हिरव्या रंगाचं. पलीकडे नोंदवही घेऊन वनखात्याचा पहारेकरी. शेजारी पाटी. विडी ओढू नये, चूल पेटवू नये, काच फोडू नये, असे सहा नियम गटाने आधीच ठरवलेले. सातवा ओळंब्याच्या सांगण्यावरून घातला होता, खालच्या मोकळ्या पट्टीत, जरा दाटीवाटीने. दोराचं किंवा पट्ट्याचं टोक इथे जाळू नये. घरून जाळून आणावं.

माणसं आली. पिशव्या, दोर, हेल्मेटं. सातवा नियम वाचून बाहेरगावची दोन मुलं हसली, हे काय, म्हणाली. ज्यांना माहीत होतं ते हसले नाहीत आणि त्यांनी सांगितलंही नाही. ओळंबा फाटकाच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसला होता. तो आला कशाला, असं काहींना वाटलं. त्याने कुणाला काही सांगितलं नव्हतं. इथून कडा पूर्ण दिसायचा. पहिली मुलगी घळीच्या डावीकडच्या वाटेने वर गेली. चौथ्या बोल्टजवळ ती अडली. उजवा पाय कुठे ठेवायचा ते तिला सापडत नव्हतं. ओळंब्याचा उजवा पाय बुटातल्या बुटात हलला. मग तिला सापडलं.

अकराच्या सुमाराला मधवाले आले. हातगाडीवर दोन पेट्या. त्यांच्या भावाने पाठवल्या होत्या, लांबून. फाटकापाशी थांबून त्यांनी घाम पुसला आणि ओळंब्याकडे बघितलं. सगळ्या गावाला माहीत होतं, तसं त्यांनाही होतं. ओळंबा उठून उभा राहिला. निकाल लागल्यावर तो त्यांच्या दारापर्यंत दोनदा गेला होता. दोन्ही वेळा दार उघडलं नव्हतं. घरात रेडिओ चालू होता.

"अकरा महिने," मधवाले म्हणाले, "अंथरुणाला पाठ टेकली की मी धुराडं विझवायचो. पाणी ओतायचो, झाकण उघडून बघायचो, परत ओतायचो. रोज."

बोलण्यासारखं जे होतं ते ओळंब्याने टेबलापलीकडच्या बाईंना सांगून टाकलं होतं. इथे त्याचा उपयोग नव्हता.

मधवाल्यांनी हातगाडी फाटकाला लावून बघितली. फाटकातून माणूस जाईल, हातगाडी जाणार नाही, अशी त्याची रुंदी होती. मोजताना हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"धरा त्या बाजूने," ते म्हणाले.

"मला आत यायची परवानगी नाही."

"माहीत आहे मला. फाटकापर्यंत धरा."

दोघांनी पेटी उचलली. जड होती. लाकडातून आतली गुणगुण तळहातांना जाणवत होती, बारीक, न थांबणारी, धावत्या लिफ्टच्या तारेवर हात ठेवल्यासारखी. पाच पावलं. फाटकाशी ओळंबा थांबला. पलीकडून दोर गुंडाळत एक मुलगी आली, मघाशी चौथ्या बोल्टवर अडली होती ती. पहारेकऱ्याने मान हलवल्यावर तिने ओळंब्याची बाजू आपल्या हातांत घेतली. मधवाले तिला म्हणाले, हळू, आपटू नको, रागीट आहेत. मग दुसऱ्या पेटीसाठी परत आले. पुन्हा पाच पावलं. पुन्हा ती मुलगी.

मधवाल्यांनी रिकामी हातगाडी फाटकाला टेकवून उभी केली. ओळंब्याला म्हणाले, जरा बघाल का हिच्याकडे, परत येईपर्यंत. तो म्हणाला, बघतो.

मधवाले आणि ती मुलगी पेट्या एकेक करून जांभळ्या फुलांच्या दिशेने घेऊन गेले. ओळंबा हातगाडीशेजारी उभा राहिला. तळहातांतली गुणगुण हळूहळू कमी होत गेली. वर, कड्यावर, कुणीतरी खाली ओरडून विचारत होतं, हा बोल्ट पक्का आहे ना. खालून डॉक्टरचा आवाज आला, पक्का आहे, चढ.